इंजिन बसलं नव्हतं

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती ऐकत नाही. माझं चष्म्याचं दुकान चालू आहे. तुझ्याकडे सगळे मजेत असतील. झालं, पत्राच्या सुरुवातीला जेवढं लिहायचं असतं तेवढं लिहून संपवलं. आता कामाचं.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि मी गप्प बसते. शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं आईला सगळं ऐकू येतं. कमी ऐकू येतं ते फक्त डॉक्टरांसमोर. कागद तुला मधेच कापता येणार नाही.

आईला ट्रॅक्टर विकायचाय, हे तुला मी तुझ्याच दिवाणखान्यात बसून सांगितलं होतं, तेव्हा तू मान हलवलीस आणि पंख्याकडे बघत राहिलास. तिचं म्हणणं साधं आहे. ती असेपर्यंत घेणारा माणूस तिला डोळ्यांनी बघायचाय. तो भंगारात जाऊ नये आणि कुणाच्या हॉटेलाबाहेर कुंड्या ठेवायलाही जाऊ नये. म्हणून मी जुन्या यंत्रांच्या खरेदी-विक्रीच्या पानावर जाहिरात टाकली. चांगले फोटो काढले, पुढची जोडचाकं, हँडल, इंजिनावरचा नंबर, सगळं. लिहिलं की हा पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा आहे, अशा बनावटीचे आता फारच थोडे उरलेत, इंजिन कधीही उघडलेलं नाही, आणि पहिल्यापासून एकाच व्यक्तीने, म्हणजे माझ्या आईने चालवलाय. सोबत तो जुना फोटो जोडला. आई सीटवर, डोक्याला रुमाल, अंगात बाबांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वर.

बस्स. मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातल्यासारखं झालं.

पहिला आला तो 'रांगडा गडी'. हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. म्हणाला, "फोटोपुरतं बसवलंय बाईला. चालवणारा नवरा फोटोत आला नाही एवढंच." त्यावर हसणाऱ्यांची रांग. दुसरा म्हणे, रंग कालचा दिसतोय. तिसरा म्हणे, टायरचे दात बघा, हा ट्रॅक्टर चाललाच नाही, कुठून तरी सुटे भाग जमवून उभा केलाय. एकाने मला सल्ला दिला की ताई, तुम्हाला कळत नसेल तर घरातल्या एखाद्या पुरुषाला जाहिरात लिहायला सांगा. धाकट्या, मी माझ्या दुकानात रोज परक्या माणसांच्या डोळ्यांत बघून सांगते की तुम्हाला दिसत नाहीये. मला असं कुणी बोललेलं नाही. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मी तीन वेळा "खालची ओळ वाचा" म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "वाचली हो, अजून किती वेळा वाचू?"

मी उत्तरं देत बसले. नंबराचा जवळून फोटो टाकला, तर म्हणाले नंबर ठोकून घेता येतो. नोंदणीचा कागद टाकला, तर म्हणाले कागदावर बाईचं नाव आहे म्हणजे करासाठी घातलेलं असणार. तुला गंमत सांगते, आई भिंग घेऊन हे सगळं वाचते. तिला राग येत नाही. "हा रांगडा गडी पोटापाण्यासाठी काय करतो गं? दिवसभर इथेच असतो," म्हणाली. मी एकाला चांगलं झणझणीत लिहिलं होतं. ते तिने वाचलं आणि म्हणाली, "शिवी राहू दे, पण 'निर्लज्ज'चा रफार कुठे गेला?"

एक 'जुनं लोखंड' म्हणून आहे. तो शिव्या देत नाही. तो फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: "चांगला चालणारा ट्रॅक्टर ऐन भरात बंद का ठेवला?" त्याला मी उत्तर दिलेलं नाही. का दिलेलं नाही, ते राहू दे.

आता तुझ्याकडे येते. परवा त्या रांगड्याने एक व्हिडिओ आणून चिकटवला. तुझा. तुझ्या कंपनीच्या समारंभातला. तू कोट घालून उभा आहेस आणि म्हणतोस, "माझ्या वडिलांनी उन्हातान्हात ट्रॅक्टर चालवून आम्हा भावंडांना शिकवलं." टाळ्या. रांगड्याने खाली लिहिलंय, "ताई, भाऊ खोटा की तुम्ही?"

बाबांनी ट्रॅक्टर चालवला! आपले बाबा, जे पोस्टात पत्रं लावायचे आणि सायकलवरून उतरताना झाडाला धरायचे! बाबा चांगले होते. त्यांनी स्वतः कधी हे म्हटलं नसतं. त्यांनी तर तो फोटो काढला होता.

हे भाषण आईने पाहिलं का, असं विचारशील. पाहिलं. दोनदा. म्हणाली, "कोट चांगला बसलाय त्याला."

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. त्या पानावर स्वतःच्या नावाने एक ओळ लिही, की ट्रॅक्टर आई चालवायची. एक मोठे संग्रहालयवाले गृहस्थ येऊन बघून गेलेत, त्यांना घ्यायचाय, फक्त हा गोंधळ मिटू दे म्हणतात. एक ओळ, धाकट्या. भाषण नको.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी मदत पोचली. ती जशीच्या तशी इथे उतरवते, म्हणजे तू काय केलंस ते तुला तुझ्याच शब्दांत वाचता येईल.

"हा ट्रॅक्टर आमच्या कुटुंबाचाच आहे. वडील चालवत असत. आईही कधी कधी हौसेने बसत असे. पुढे इंजिन बसल्यामुळे तो बंद ठेवावा लागला. कृपया माझ्या बहिणीला त्रास देऊ नये."

हौसेने!

लोकांची नांगरट करायला पहाटे जायची ती हौस होती का रे? भट्टीवरून विटा ओढायची ती? तिच्या तळहाताला हँडलने घट्टे पडले होते, आपले केस विंचरताना ते अडकायचे. तुझ्या वह्या, तुझे बूट, तुझी वक्तृत्वाच्या शिकवणीची फी, सगळं त्या हौसेतून आलं. बाबांच्या पगारात फक्त घरभाडं भागत होतं.

आणि परिणाम काय झाला? मी जाहिरातीत लिहिलंय इंजिन उत्तम आहे. तू लिहिलंस इंजिन बसलंय. आता ते सगळे नाचतायत. "बहीणभावाने आधी घरात ठरवून घ्यावं." "चोर पकडला." संग्रहालयवाल्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं की घरच्यांच्याच सांगण्यात मेळ नसल्याने ते माघार घेत आहेत. आईला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे." तिच्या या जाऊ दे-ने माझ्या अंगाची आग होते. आयुष्यभर ती जाऊ दे म्हणत आली आणि जे जायचं ते सगळं तिचंच गेलं.

मला आईने शपथ घातली होती. ती आज मोडतेय. तू मोडायला लावलीस.

इंजिन बसलं नव्हतं.

इंजिनाला काहीही झालं नव्हतं, धाकट्या. कधीच नाही.

तू सातवीत होतास. वक्तृत्वाचं बक्षीस मिळायचं होतं तुला. आईला विटांच्या खेपांतून घरी येऊन कपडे बदलायला वेळ मिळाला नाही, म्हणून ती ट्रॉली सोडून तशीच ट्रॅक्टर घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. मी आतून धावत आले होते तिला जागा दाखवायला, म्हणून मी ऐकलं. तुझ्या वर्गातली पोरं ट्रॅक्टरभोवती जमली होती. एकाने विचारलं, "ही कोण रे?" आणि तू म्हणालास, "आमच्याकडे कामाला आहे ती."

हे तुला आठवत असणार. तेवढ्यात तुमचे वर्गशिक्षक आले, ते तुला आठवतंय का? त्यांनी आईला विचारलं, "काय हवंय बाई?" आई एक क्षण तुझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "साहेबांनी पाठवलंय. बक्षीस झालं की पोराला घेऊन ये म्हणाले."

तुझं खोटं तिने खरं करून दिलं. आणि फाटकाबाहेर थांबली. टाळ्या तिला तिथूनच ऐकू आल्या असतील. तू परत येताना चालत आलास, आठवतंय? मी तिच्याबरोबर आले.

दुसऱ्या दिवशी तिने घरात सांगितलं, इंजिन बसलं. बाबांनी विश्वास ठेवला, त्यांना यंत्रातलं काय कळणार. तू तर खूशच होतास. मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले, तर ती प्लग काढून आत तेल ओतत होती, इंजिन गंजू नये म्हणून. टाकी रिकामी केली होती. आसाखाली विटा रचल्या होत्या, टायरवर भार नको म्हणून. बिघडलेल्या इंजिनाला कुणी तेल पाजतं का? मी म्हटलं, "आई, हे तर चालू आहे." तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी पुढे काही विचारलं नाही. म्हणाली, "त्याला कधी सांगायचं नाही. शपथ घे." घेतली. त्यानंतर ती पॅकिंगच्या कारखान्यात उभ्याने काम करायला लागली. आज तिचा जो गुडघा कुरकुरतो म्हणून तू फोनवर मला विचारतोस ना, तो तिथला.

त्या 'जुनं लोखंड'ला हेच उत्तर हवंय. टायरचे दात शाबूत का? रंग टिकला कसा? कारण माझ्या भावाला लाज वाटली म्हणून. सांग, लिहू का असं?

तुला काय करायचं ते कर. मी तुझ्याकडे पुन्हा काही मागणार नाही.

ताई


८ मार्च

धाकट्या,

तू पानावर लिहिलेलं मी वाचलं. आईने माझ्याआधी वाचलं.

तू लपवाछपवी केली नाहीस, हे मान्य करते. शाळेचं फाटक, तुझं वाक्य, भाषणातलं खोटं, सगळं स्वतःच्या नावाने लिहिलंस. त्याला धीर लागतो. पण त्याने माझा राग निवला असं समजू नकोस. त्या पानावर शेकडो लोक रडून गेले. ज्यांनी आदल्या आठवड्यात आईला "फोटोपुरती बाई" म्हटलं तेच आता "माऊली" म्हणतायत. मला ते जास्त झोंबलं. रांगडा गडी मात्र आपल्या शब्दाला जागला, म्हणाला, "पटकथा चांगली आहे, भाव वाढवायला." संग्रहालयवाल्यांचा फोन आला की त्यांना आता फारच रस आहे, आणि आईची एक मुलाखत पण घेता येईल का. आईने फोन घेतला, "नाही" म्हणाली आणि ठेवला.

मग माझ्याकडे वळली.

मला वाटलं होतं ती रडेल. निदान म्हणेल की बरं झालं एकदाचं. ती म्हणाली, "तू त्याला का सांगितलंस?"

मी म्हटलं, "आई, ते लोक तुला खोटी म्हणत होते."

"कोण लोक? मी त्यांना ओळखते? ते म्हणोत. त्याला का सांगितलंस?"

"त्याला कळायला नको का? तू काय सोडलंस ते?"

तर म्हणाली, "ते माझं होतं. मी सोडलं, मी ठेवलं. तू कोण ते वाटणारी?"

आणि उठून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, माझ्या चष्म्याच्या काचा पुसून ठेवते, पण बोलत नाही. तुझ्याशी मात्र फोनवर तासभर बोलली. मी बाहेर बसून ऐकत होते. तुझ्या मुलीची परीक्षा, तुझं पित्त, तुमच्या गच्चीवरच्या झाडांना लागलेली कीड. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही! एकदा हसली सुद्धा. मी इकडे उत्तरं देऊन देऊन महिनाभर रक्त आटवलं, शपथ मोडली, आणि दोषी कोण, तर मी. तू एक परिच्छेद लिहिलास आणि सुटलास. संतापाने मी दुकानात जाऊन एका चांगल्या फ्रेमची काडी मोडली.

आता ट्रॅक्टर कुठे गेला ते ऐक. 'जुनं लोखंड' आला होता. कळवून नाही, सरळ दारात. साठीचा बुटका माणूस, बॉयलरवर काम करून निवृत्त झालेला, कपाळावर आठ्या कायमच्या. मी त्याला दारातच धरलं. म्हटलं, "आता आलात होय? सगळ्यांसमोर आमची अब्रू काढून झाल्यावर?" तो म्हणाला, "मी प्रश्न विचारला होता. शिवी दिली नव्हती. प्रश्न अजूनही चुकीचा वाटत नाही मला." माफी मागितली नाही. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू. त्याने अर्धा दिवस ट्रॅक्टरखाली पडून काढला. बाहेर आला, हात पुसले, आईला म्हणाला, "तेल कुणी घातलं होतं प्लगमधून?" आई म्हणाली, "मीच." त्याने मान डोलावली. "मी याला चालवणार. उभा करून ठेवायचा नाही," एवढंच म्हणाला. आईने त्याला चहा विचारला. सौदा झाला होता.

गेल्या रविवारी तो ट्रक घेऊन आला. आधी दोन दिवस येऊन त्याने कार्बोरेटर साफ केला होता, नवा पाइप लावला होता. त्याने हँडल मारलं. दोनदा नुसता खोकला, तिसऱ्यांदा धूर, आणि मग सुरू झाला, धाकट्या. तो आवाज. मी शेडच्या भिंतीला टेकले.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. माझी दहावीची परीक्षा झाली की आई मला चालवायला शिकवणार होती. ठरलं होतं आमचं. भट्टीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात, कुणी बघत नसताना. तिने मला क्लच कुठे ते दाखवलं होतं, माझा पाय पोचतो का बघितलं होतं. पोचत होता. मला दुसरं काही नको होतं. चष्मे मला नको होते, ते नंतर करावं लागलं म्हणून केलं आणि बरं केलं. पण मला ते हवं होतं, आणि परीक्षेच्या आधीच तू फाटकाशी ते वाक्य बोललास. इतकी वर्षं मी म्हणत आले की तू आईचं हिरावून घेतलंस. आईचा हिशेब आईने केव्हाच मिटवलाय. माझा कुणी काढलाच नाही. आईनेही नाही. तिने सोडून दिलं तेव्हा त्यात माझंही काही होतं, हे तिच्या लक्षात आलं नसेल, असं मी समजत होते.

तो माणूस ट्रॅक्टरवर चढायला निघाला, तेवढ्यात आई काठी टेकत पुढे आली. त्याला म्हणाली, "थांबा." माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चढ."

मी म्हटलं, "मी?"

"दुसरं कोण आहे इथे? चढ."

चढले. या वयात, ऑफिसला जातात तसल्या चपला घालून. सीट तापलेली, सगळं अंग थरथरत होतं, ते यंत्राचं की माझं कुणास ठाऊक. आई खालून ओरडत होती, "क्लच पूर्ण दाब. पूर्ण! आता हळू सोड. हळू म्हटलं ना, मूर्ख!" मी झटक्यात सोडला, तो एक उडी मारून बंद पडला. ट्रकवरचा हमाल हसला. आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड फिरवलं. लोखंडवाले पुन्हा हँडल मारायला वाकले. दुसऱ्यांदा निघाला. शेडच्या खांबाला मागचं चाक घासलं, पण निघाला. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून त्या कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत, आणि वळवून परत. वळवताना तो डावीकडे ओढतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, हाताला कळलं. शेजारची माणसं बाहेर येऊन बघत होती. मी रडत होते आणि माझा संतापही तसाच होता, दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मग फळ्यांवरून त्यांनी तो ट्रकात चढवला आणि नेला. आई तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती. आत जाताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, पण बोलली नाही. अजूनही बोलत नाही. बोलेल. मी वाट बघेन, माझं चुकलंच आहे थोडं.

तुझं माझं वेगळं आहे. तू जगाला सांगितलंस, आईशी गोड बोललास. मला तुझी एक ओळही आलेली नाही. या पत्रांना तू फोनवरून "मिळालं" एवढा निरोप पाठवतोस. पानावरच्या परक्या लोकांना जे मिळालं ते मला नकोय. तू सातवीतला मुलगा होतास, तेवढ्यासाठी मी तुला आयुष्यभर धरून ठेवणार नाही. पण त्यानंतर तू मोठा झालास, आणि तरीही तुला एकदाही वाटलं नाही की विचारावं, ताई, त्या घरात तूही होतीस, तुझं काय झालं?

कागद घे आणि विचार. मी उत्तर देईन. गोड देईनच असं नाही.

तुझी,
जिला कुणी काही विचारलं नव्हतं ती,
ताई